विषय क्रमांक चौदा: पुलाचा कठडा

आमच्या नगरपालिकेत त्यांना सगळे 'सर्वानुमते' म्हणायचे, तेही तोंडावर. शिपाईसुद्धा "सर्वानुमते काका, अध्यक्षांनी बोलावलंय" असा निरोप द्यायचा आणि ते निमूट उठायचे. सभेचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांचं. दर ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' हे दोन शब्द त्यांनी तीस वर्षं इतक्या वेळा लिहिले, की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. मी त्यांना नुसतं काका म्हणायची. मी तेव्हा टायपिस्ट होते, वय सव्वीस, तोंडाने फटकळ. माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं, आणि आज मी त्यांच्याच खुर्चीत बसते. ही खुर्ची मला सुखाची नाही. का, ते आता कोणाला तरी सांगायलाच हवं.

काकांना दोन गोष्टींचा गर्व होता. एक म्हणजे त्यांचं अक्षर. बाहेरगावचे अधिकारी तपासणीला आले, की आधी काकांचं अक्षर बघायचे आणि मग बाकीचं बघायला विसरायचे. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या इतिवृत्ताच्या जाड पुस्तकात एकही खाडाखोड नव्हती. पानांना छापील आकडे, त्यामुळे पान फाडायची सोय नाही. चूक झालीच तर लाल शाईने रेघ मारायची, बाजूला सही करायची, असा नियम. काकांच्या टेबलावर लाल शाईची दौत होती खरी, पण तिचं बूच कधी उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. ती दौत ते रोज सकाळी फडक्याने पुसायचे, आणि मी त्यांना विचारायची, "काका, नजर लागू नये म्हणून ठेवलीय का ही?"

आता एवढं स्वच्छ लिखाण कसं जमायचं, तर त्यात एक गोम होती. काका इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे. हे काही गुपित नव्हतं, सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. अध्यक्षांना सभा उठल्या उठल्या सही करून मोकळं व्हायचं असायचं, आणि कुठल्या विषयाचं काय होणार हे काकांना सदस्यांच्या आधी कळायचं. ज्यावर भांडण होणार त्याची जागा ते कोरी सोडायचे. जिथे होणार नाही तिथे सूचक, अनुमोदक आणि खाली ते दोन शब्द. अंदाज कधी चुकला नाही. मी एकदा म्हटलं, "मग सभा भरवायचीच कशाला?"

"चहासाठी," काका म्हणाले.

त्या वर्षी एक निवृत्त नर्सबाई आमच्याकडे खेपा घालत होत्या. नाल्यावर एक पायपूल आहे. पलीकडे वस्ती, अलीकडे बाजार आणि आमची कचेरी. त्या पुलाच्या कठड्याचे दोन गज गंजून नाल्यात पडले होते आणि तिथे माणूस आरपार जाईल एवढं खिंडार झालं होतं. बाईंचे यजमान घड्याळजी. त्यांची नजर जवळजवळ गेलेली, तरी बाजारातलं दुकान सोडायला तयार नाहीत. रोज कठड्यावर हात ठेवून, चाचपत पूल ओलांडायचे. म्हणून बाईंनी त्या खिंडारात कपडे वाळत घालायची निळी दोरी आडवी तिपेडी बांधली होती. उन्हाने ती कुजायची, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नवी बांधायच्या आणि तिथूनच आमच्याकडे यायच्या. "भाऊ, माझा विषय घेतला का हो?" काका म्हणायचे, "येईल बाई, येईल." असं सात महिने चाललं.

घड्याळजी आम्हाला चांगलेच माहीत होते. सभागृहातल्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायला ते दर सोमवारी अकरा वाजता यायचे. दारापासून घड्याळापर्यंत भिंतीवर तळहात टेकवून चालायचे. हाताला कायम घड्याळाचं तेल, त्यामुळे भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट पट्टा उमटला होता. शिपाई त्यावरून कुरकुरायचा. घड्याळजी म्हणायचे, "पट्टा राहू दे रे बाबा. उद्या तुझे डोळे गेले तर तुला रस्ता सापडेल." आणि स्वतःच हसायचे.

शेवटी आठव्या महिन्यात कठड्याचा विषय पत्रिकेवर आला. विषय क्रमांक चौदा, सगळ्यात शेवटचा. तेराव्या विषयाची जागा काकांनी पानभर कोरी सोडली होती, कारण तो होता दुकानांच्या पाट्यांचा. पाटी रस्त्यावर किती पुढे यावी याचा नियम करायचा होता, आणि एका सदस्याचं चपलांचं दुकान होतं, ज्याची पाटी जवळजवळ समोरच्या दुकानात जात होती. चौदाव्याला मात्र त्यांनी आदल्या दिवशीच सुरेख अक्षरात लिहून टाकलं, पायपुलाच्या कठड्याची दुरुस्ती तातडीने करावी, सर्वानुमते मंजूर. कठड्याला कोण विरोध करणार?

विरोध कोणीच केला नाही. पाट्यांवर दोन तास रणकंदन झालं. वीतभर की हातभर, आणि हात कोणाचा, इथपर्यंत गोष्ट गेली. चपलांचे दुकानदार सदस्य टेबलावर हात आपटून मोजमाप दाखवत होते. शेवटी अध्यक्ष कंटाळून म्हणाले, "पुरे आता. राहिलेला विषय तहकूब. पुढच्या सभेत बघू." खुर्च्या सरकल्या, सगळे चहाकडे धावले.

काका टेबलापाशी आले, पुस्तक उघडून उभे राहिले.

"चौदावा तहकूब झाला गं."

"मग?"

"इथे मंजूर लिहिलंय."

त्यांचा हात लाल शाईच्या दौतीकडे गेला. बूच धरून ते थांबले. मी टाइप करत होते, मान वर न करता म्हणाले, "असू द्या हो काका. पुढच्या महिन्यात मंजूर होणारच आहे. एवढ्याशासाठी सोन्यासारखं पान कशाला नासवताय?"

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने बोलले. काकांनी आणखी थोडा वेळ पानाकडे पाहिलं, मग दौत जागच्या जागी ठेवली आणि पुस्तक मिटलं. अध्यक्षांनी ते न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नर्सबाई आल्या. "भाऊ, काय झालं?" तहकूब झालं असं सांगणं काकांच्या जिवावर आलं असावं. सात महिने त्या बाईला नुसतं टोलवलेलं, आणि पुस्तकात तर मंजूर लिहिलेलं. ते म्हणाले, "मंजूर झालं, बाई. आठ दिवसांत काम होऊन जाईल." बाईंचा चेहरा असा खुलला, की मलाही बरं वाटलं. त्यांनी विचारलं, "मग माझी दोरी सोडून ठेवू का? कामगारांना अडचण नको."

"सोडा, सोडा," काका म्हणाले.

काकांचा हिशेब साधा होता. अभियंत्याला खासगीत सांगायचं, काम आधी उरकून घ्यायचं, ठराव मागाहून येईलच. पण अभियंता शनिवारपासून रजेवर होता, त्याला मुलगी झाली होती. तो पुढच्या शुक्रवारी आला आणि काकांना म्हणाला, "तो विषय तहकूब झालाय ना काका? मी सभेत होतो. ठराव नसताना काम काढलं तर मला घरी बसवतील." काकांना तेव्हाच बाईंकडे जाता आलं असतं. मलाही जाता आलं असतं, माझं घर पुलापासून लांब नव्हतं. आम्ही दोघंही गेलो नाही. सोमवारी बघू, असं म्हणालो.

त्या आठ दिवसांत बाई यजमानांचा हात धरून त्यांना पूल ओलांडून आणत होत्या. पहिल्या सोमवारी दोघं मिळून किल्ली द्यायला आली. दुसऱ्या सोमवारी सकाळी बाई औषधाच्या रांगेत उभ्या होत्या. घड्याळजींनी दिवस मोजले होते. मंजूर झालंय, आठ दिवस म्हणाले होते, आज नववा. ते एकटेच निघाले. त्यांना सभागृहातल्या घड्याळाला किल्ली द्यायची होती.

अकरा वाजून गेले तरी ते आले नाहीत, म्हणून काका दोनदा दारापर्यंत जाऊन आले. साडेअकराला शिपाई धावत आला. घड्याळजी खिंडारातून नाल्यात पडले होते, जागीच गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे मला नीट आठवतात आणि आठवू नयेत असं वाटतं. पुढच्या सभेसाठी सभागृहाला चुना दिला होता. तिसऱ्या दिवशी कमरेच्या उंचीला तो पट्टा पुन्हा वर आला. तेलाचा डाग चुन्याने झाकला जात नाही, हे रंगाऱ्याने मला समजावलं. त्याने दुसरा हात दिला, पट्टा तरीही आला. काका त्या भिंतीला पाठ करून बसायला लागले. घड्याळाला किल्ली आता तेच द्यायचे, आणि भिंतीपासून हातभर दूर चालत जायचे. सोमवारी अकराला त्यांची मान आपोआप दाराकडे वळायची. माझीही. तळहात भिंतीवरून सरकतो तेव्हा पीठ चाळल्यासारखा बारीक आवाज येतो. तो मला ऐकू यायचा. काकांना येतो का, असं विचारायची मला छाती झाली नाही, कारण ते हो म्हणाले असते.

इकडे कचेरीत शोधाशोध सुरू झाली, की दोष कोणाचा. पुस्तक उघडलं गेलं. त्यात मंजूर, तातडीने करावी. मग काम का झालं नाही? सगळ्यांची बोटं अभियंत्याकडे वळली. तो बिचारा आमच्या टेबलासमोर उभा राहून रडकुंडीला आला. "अहो, तहकूब झालं होतं. माझ्या कानांनी ऐकलंय." सदस्यांना विचारलं, तर त्या सभेतली पाट्यांची भांडणं सोडून त्यांना काहीही आठवत नव्हतं. अध्यक्षांना विचारलं. तहकूब हा शब्द ज्यांच्या तोंडून निघाला ते गृहस्थ छताकडे बघून म्हणाले, "मी काय बोललो ते कशाला? दप्तर काय म्हणतं ते बघा." अभियंत्याला निलंबित करायचा विषय पुढच्या सभेसाठी तयार झाला. तो मीच टाइप केला.

नर्सबाई एकदाच आल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. बाकावर बसून म्हणाल्या, "भाऊ, मला त्या ठरावाची नक्कल हवी."

"इतिवृत्त कायम झाल्याशिवाय नक्कल देता येत नाही, बाई," काका म्हणाले. नियम तसा आहे. मागच्या सभेचं लिखाण पुढच्या सभेत वाचायचं, सगळ्यांनी 'कायम' म्हणायचं, मगच ते पक्कं होतं.

"मग मी सभेलाच येते," बाई म्हणाल्या.

सभेच्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा काका लाल शाईच्या दौतीत पाणी घालत होते. शाई आटून तळाला खपली झाली होती. ते टाकाच्या टोकाने ती खरवडत होते. मी समजले. चार वर्षांवर निवृत्ती आलेली, घरी लग्नाची मुलगी. मी त्यांना थांबवायला हवं होतं, की मीही उभी राहते म्हणायला हवं होतं, मला आजही ठरवता येत नाही. मी माझ्या यंत्रात कागद घातला.

पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. काकांनी तेरा ठराव वाचले. आवाज नेहमीसारखाच, सपाट. चौदाव्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, "हा ठराव झाला नव्हता. विषय तहकूब झाला होता. मी आदल्या दिवशी लिहून ठेवलं होतं, ते खोडलं नाही. बाईंना मंजूर झालं असं मी सांगितलं. अभियंत्यांचा यात काही दोष नाही." मग त्यांनी सगळ्यांसमोर टाक बुडवला आणि त्या सुंदर ओळींवर रेघ मारली. शाई पातळ झाली होती. ती ओघळली आणि अर्धं पान लालसर झालं.

अध्यक्ष काहीतरी बोलायला लागले, पण मागच्या बाकावरून नर्सबाई उभ्या राहिल्या होत्या. त्या कोणावर ओरडल्या नाहीत. एखादा हिशेब चुकला म्हणून माणूस स्वतःलाच विचारतो तशा त्यांनी विचारलं, "मग मी दोरी का सोडली?"

सभागृहात अठरा माणसं होती. सगळी काकांकडे बघायला लागली. काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली नाही, एवढंच मी त्यांच्या बाजूने सांगू शकते. मी घातली.

पुढे चौकशी झाली. चौकशी अधिकारी बाहेरून आले होते. काकांचा जबाब घ्यायला टायपिस्ट हवा होता, आणि कचेरीत टायपिस्ट मी एकटीच. काका समोर बसले होते, मी यंत्रावर. बरेच प्रश्न झाल्यावर अधिकाऱ्यांनी विचारलं, "नोंद खोटी आहे हे तुमच्याशिवाय आणखी कोणाला माहीत होतं?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणालाही नाही."

मी टाइप केलं: कोणालाही नाही. एकही अक्षर चुकलं नाही.

काकांची नोकरी गेली. आणि कठडा अकरा दिवसांत उभा राहिला. सात महिने जो विषय पत्रिकेवर येत नव्हता, त्याला अकरा दिवस पुरले. हिरवा रंग, जाड गज, वर गोल नळी. चपलांच्या दुकानाची पाटी मात्र अजून तिथेच आहे.

काका पोस्टाच्या ओसरीत स्टूल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागले. अक्षर तेच, पण एक फरक पडला होता. अर्जात काही चुकलं तर तिथेच खोडायचे, आणि खोडल्यावर समोरच्याला वाचून दाखवायचे. मी जाता-येता थांबायची. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, आणि तेच मला सोसवत नव्हतं. एकदा मी म्हणाले, "काका, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" ते म्हणाले, "पेन माझ्या हातात होतं, पोरी." आणि पुढचा अर्ज ओढला.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी ते पुलावर जायचे आणि त्या नव्या कठड्यावर, जुन्या खिंडाराच्या जागी, निळी दोरी बांधायचे. तिपेडी. लोक हसायचे. काही जण म्हणायचे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी विचारलं तर म्हणाले, "दोरी होती तोवर कोणी पडलं नव्हतं." नऊ वर्षं त्यांनी एकही महिना चुकवला नाही. नर्सबाई पुलावरून जायच्या, त्यांच्याशी बोलायच्या नाहीत, पण दोरीवर हात ठेवून जायच्या. काकांनीच मला ते सांगितलं.

गेल्या वर्षी काका वारले. तोपर्यंत मी सभालिपिक झाले होते. इतिवृत्त मी सभा संपल्यावरच लिहिते, अध्यक्ष कितीही ताटकळले तरी. लोकांना वाटतं मी फार काटेकोर बाई आहे. सभागृहाला आता तैलरंग दिलाय, पण भिंतीला गाल टेकवून तिरकं बघितलं तर पट्टा दिसतो. मला तरी दिसतो. सोमवारी अकरा वाजता मी काही ना काही निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जाते.

काका गेले त्याच्या पुढच्या पहिल्या तारखेला मी पुलावर गेले. दोरी कुजून लोंबत असेल, निदान ती तरी काढून टाकावी, असा विचार होता. तिथे नर्सबाई होत्या. फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. पायाशी जुन्या दोरीचे तुकडे, हातात नवी निळी दोरी, आणि गाठ काही केल्या बसत नव्हती. मी जवळ जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं तोंडात धरलेलं बोलून टाकलं. "बाई, त्या दिवशी काका खोडणार होते. मी त्यांना म्हणाले, असू द्या. मी म्हणाले म्हणून त्यांनी नाही खोडलं."

त्या गाठीशीच झटत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहीत आहे मला."

"काकांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? त्या दिवशी सभेत मी विचारलं, तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते. तू एकटी जमिनीकडे बघत होतीस."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. माझं रडणं थांबेपर्यंत त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग दोरीचं टोक माझ्यापुढे केलं.

"गाठ मारता येते का तुला?"

"येते."

"मग पुढच्या महिन्यापासून तूच बांध. माझे हात आता थरथरतात."

या पहिल्या तारखेला अकरावी दोरी बांधून आले.